स्टेशनकडचा कोपरा

हडपसर
१२ जानेवारी २०२५

आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही तिघंही बरे आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि वहिनीच्या मोबाईलवर काही लिहून पाठवलं की ते आधी घरभर वाचलं जातं आणि मग कुणीतरी तुला ओरडून सांगतं. मला तुझ्या एकटीशी बोलायचंय. आई गेल्यापासून ज्या गोष्टी फक्त तुलाच सांगत आले, त्यातलीच ही आहे.

घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्यात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांचं काही चुकलं नाही. पण हे आमचं तिसरं घर. साई दुसरीत आहे, आणि खोकी बाहेर काढली की आपली खेळणी वर्तमानपत्रात कशी गुंडाळायची हे तिला सांगावं लागत नाही. तिला ते येतं याचंच मला वाईट वाटतं.

मागच्या रविवारी आम्ही विकत घ्यायचा फ्लॅट बघायला गेलो होतो. दाखवायला एक घर सजवून ठेवतात. पडदे, फुलदाणी, कपाटात पुस्तकं, सगळं छान. रविराज पलंगावर जरा आडवा झाला तर त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड बनवलेला होता. तिथल्या मुलीने आमचे पगार विचारले आणि हळूच माहितीपत्रक परत घेतलं. अपमान केला नाही तिने. उलट समजावून सांगितलं, की तुमच्यासारख्यांसाठी आता पार तिकडे, जिथे अजून बससुद्धा जात नाही, तिथे काही मिळालं तर बघा.

मी अतिदक्षता विभागात नर्स, रविराज रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या. तरीही या शहरात आमच्या मापाचं घर नाही, हे मला आता समजून घ्यावं लागतंय.

दादाला यातलं काही सांगू नकोस. पुण्याला जायची हौस होती ना, असं तो म्हणेल. आप्पांच्या वर्षश्राद्धाला येतेच आहे.

तुझी
नीलम

•

खुटबाव
२३ जानेवारी २०२५

नीलम,

तुला आन् साईला आशीर्वाद, जावयबापूंना नमस्कार.

भारत पोस्टमननं पत्र थेट वांग्याच्या सरीत आणून दिलं. मी हात पुसून तिथंच बांधावर बसून वाचलं. घरात कुणाला बोलले न्हाई.

तू घराचं लई मनाला लावून घेऊ नको. नोकरी हाय, नवरा चांगला हाय, आज ना उद्या व्हईल. मला शहरातलं कळत न्हाई. पर आखूड पलंगाचं वाचून हसू बी आलं आन् राग बी.

हितली खबर सांगते. तुझ्या दादानं, विक्रमनं, स्टेशनकडच्या रानात औंदा ऊस केला न्हाई. समदं रान सपाट करून प्लॉट पाडायचं चाललंय. आयतवारी पुण्याच्या गाड्या येत्यात. बाया-माणसं उतरत्यात, फोटो काढत्यात, शेंगा इकत घिऊन जात्यात. विक्रम म्हणतो, आता उसात काय न्हाई.

आता कामाचं. आप्पा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझं नाव विक्रमच्या जोडीनं लागलंय. त्ये काढल्याबिगर त्याला इकता येत न्हाई. म्हून श्राद्धाला येशील तवा तो तुझी हक्कसोडीची सही घेणार हाय. मला म्हणाला, तू तिला आधी सांगून ठेव. म्हून सांगते. दिऊन टाक, पोरी. माझा बाप गेला तवा मीबी तुझ्या आप्पाला सही दिली व्हती. आप्पानं मला बांगड्या भरल्या, लुगडं घेतलं. पुढं कपाळ उघडं पडल्यावर मी ह्याच घरी आले आन् त्यानं शेवटपातुर मला दारात उभं ऱ्हाऊ दिलं न्हाई, आत घेतलं. सही दिली म्हून माहेर राहिलं.

विक्रम रागीट हाय, पर वाईट न्हाई. आप्पांच्या दुखण्यात त्यानंच समदं केलं.

आत्या

•

हडपसर
२ मार्च २०२५

आत्या,

श्राद्धाच्या दिवशी मी तुझ्याशी न बोलता निघाले. तू दारात उभी होतीस, दिसत असूनही मी वळले नाही. त्या दिवशी काय झालं ते तुला घरातल्यांनी त्यांच्या परीने सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

मी सही करायचीच म्हणून आले होते. रविराजलाही तसं सांगितलं होतं. जेवणं व्हायला वेळ होता म्हणून मी एकटीच स्टेशनकडच्या रानात गेले. चुन्याच्या रेघा, नंबरांचे दगड, कमान. आप्पा जिथे मोटारीच्या पेटीजवळ बसायचे तिथे रस्ता दाखवलाय. एक जोडपं आलं होतं, बाईच्या कडेवर बाळ. ती कॉलेजात शिकवते, दरवर्षी नव्याने नेमणूक होते तसली नोकरी. आम्ही बोललो. त्यांनाही घर सोडायला सांगितलंय. मग तिने मला अगदी आपुलकीने विचारलं, "तुम्ही कितवा नंबर बघताय?"

आत्या, मी आप्पांच्या रानात उभी होते. तिला वाटलं मी गिऱ्हाईक आहे. तिच्यावर राग आला नाही, ती माझ्यासारखीच होती. पण तोंडातून निघून गेलं, "कोपऱ्यातला." आणि बोलल्यावर मला कळलं की ते खरं आहे.

त्या कोपऱ्यावरून स्टेशन दिसतं. तिथून डेमू पकडली की मी हडपसरला उतरते, तिथून हॉस्पिटल चालत. रविराजला चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने रांजणगाव गाठता येतं. आज आम्ही ज्या वाहतुकीत अडकतो त्यापेक्षा ते बरंच. इतकी वर्षं घर कुठे मिळेल म्हणून आम्ही नकाशा धुंडाळत होतो, आणि हे कधी डोक्यात आलंच नाही. कारण ते माझं आहे असं मला कुणी कधी सांगितलं नाही.

घरी आले तर दादाने कागद काढून ठेवला होता. मी म्हणाले, बाकी सगळं तुझं, तो कोपरा माझ्या नावावर कर, मग सही करते. तो आधी हसला. मग म्हणाला की त्याच कोपऱ्याला सगळ्यात जास्त मागणी आहे. पुढचं तू ऐकलं नसशील, पण त्याचा चेहरा पाहिला असशील.

आणखी एक गोष्ट, जी मी लपवली. आम्ही खोल्या जानेवारीतच सोडल्या. दुसरं घर मिळालं नाही. रविराज रांजणगावला कंपनीतल्या तिघांबरोबर एका खोलीत राहतो. मी आणि साई ज्ञानेश्वरीकडे आहोत, ती माझ्याबरोबर नर्स आहे. ती रात्रपाळीला गेली की आम्ही तिच्या कॉटवर झोपतो. ते होस्टेल आहे, तिथे फक्त एकट्या नोकरदार बायकांना राहायला देतात, लहान मूल चालत नाही. म्हणून साईला जिना चढताना चपला हातात घ्यायला शिकवलंय.

माहेर तुटेल असं तू म्हणशील. मला माहीत आहे. तरीही मी सही करणार नाही.

नीलम

•

खुटबाव
१८ मार्च २०२५

चि. नीलम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वाचून मनास अत्यंत वेदना झाल्या. येथे मी सुखात असून विक्रमने मला काही कमी केलेले नाही. भावाने वडिलांची सेवा केली, शेती सांभाळली, हे तू विसरू नयेस. लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या जमिनीवर डोळा ठेवणे शोभत नाही. घरजावई होऊन राहिल्यास जावयांचीही समाजात नाचक्की होईल. तरी तू लवकरात लवकर येऊन सही करावी आणि भावा-बहिणीचे प्रेम टिकवावे, ही विनंती.

तुझी आत्या
धुरपदा

•

हडपसर
२४ मार्च २०२५

दादा,

पाकिटावर आत्याचं नाव आहे, पण हे पत्र तुला आहे, कारण तूच ते उघडणार. मागचं पत्र आत्याचं नव्हतं. अक्षर वहिनीचं आहे, शब्द तुझे. आत्याने आयुष्यात "येथे" लिहिलेलं नाही. माझं आधीचं पत्र तुमच्या हातात पडलं हे त्यावरूनच कळलं. बरं झालं. तुझ्या तोंडावर जे सांगायला मला लाज वाटली असती ते तू आता वाचलंयस. साई जिना कशी चढते तेही.

आप्पांना हॉस्पिटलात तू नेत होतास. मी नर्स असून दुसऱ्यांच्या वडिलांपाशी उभी होते आणि आपल्या वडिलांपाशी तू होतास. ते मी विसरलेली नाही, कधी विसरणारही नाही. रानात तू राबलास. म्हणून मी निम्मं मागत नाही. वकील लावला तर निम्मं मिळेल असं हॉस्पिटलमधल्या सगळ्याजणी सांगतात. मी वकिलाकडे गेलेली नाही.

कोपरा हवा आहे. तिथे दोन-तीन खोल्यांचं घर बांधून राहायचं आहे. विकणार नाही, भाड्याने देणार नाही. तू ज्यांना प्लॉट विकतोयस ती माणसं जे शोधायला इथवर येतात, तेच मीही शोधते आहे. त्यांना तू गाडीतून उतरवून घेतोस, चहा पाजतोस. मी तुझी बहीण आहे.

बाकीच्या रानावर ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी सही करते. कोपऱ्यावर नाही. वर्षभराने विचारलंस तरी उत्तर हेच असेल.

आणि आत्याची पत्रं उघडत जाऊ नकोस.

नीलम

•

राहू
६ एप्रिल २०२५

नीलम,

हे पत्र राहूवरनं लिवतेय. मी माझ्या नणंदेकडं, जाईबाईकडं, ऱ्हायला आले. आता हितल्याच पत्त्यावर लिव.

तुझं पत्र माझ्या नावानं आलं त्या दिशी मी खुरपायला गेले व्हते, ते तुझ्या वहिनीच्या, अनिताच्या, हाती पडलं. आन् माझ्या नावानं तुला पत्र गेलं, त्येबी मला मागनं कळलं. दुसरं पत्र विक्रमनं वाचलं त्ये मला दिसलं. मी म्हणलं, पत्र माझ्या नावचं हाय, मला दे. त्यानं दिलं. त्याबरोबर पयलं बी दिलं. मी दोन्ही वाचली.

साईच्या चपलांचं वाचलं तवा माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी चुलीपाशी सगळ्यांम्होरं म्हणलं, पोरीला कोपरा दिऊन टाक. तवा विक्रम म्हणाला, "आत्या, तू कुणाच्या घरात ऱ्हाती, त्ये ध्यानात ठिवून बोल."

तो वरडला न्हाई. साधंच म्हणाला. माझी भाकरी थापायची राहिली व्हती, ती थापली. सकाळी दोन लुगडी पिशवीत घातली आन् राहूच्या जीपगाडीत बसले. अनिता गाडीपातुर मागं आली. रडत व्हती. तिचा काय दोष न्हाई, तिला सांगितलं त्ये तिनं लिवलं.

जानेवारीत मी तुला सही दे म्हणलं, त्ये आता म्हणत न्हाई. हलू नको.

हितं जाईबाई झेंडू तोडाया लावती, बरं चाललंय.

आत्या

•

मांजरी
२० एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र हॉस्पिटलच्या पत्त्यावर मिळालं. आम्हाला मांजरीत एक खोली मिळालीय, पत्र्याची, पण साईला जिना नाही. रविराज शनिवारी येतो.

तुझ्यामुळे माझं बळ वाढलं असं लिहिणार होते, पण खरं सांगू का, मला भीती वाटली. माझ्या घरासाठी तुझं घर गेलं. दोन रात्री मी विचार केला की सही करून टाकावी आणि तुला परत खुटबावला पाठवावं. रविराजला तसं म्हणालेही.

तो तर आधीपासूनच नाखूष होता. सासुरवाडीच्या दारात राहायचं, लोक घरजावई म्हणणार, हे त्याला टोचत होतं. सोलापूरकडे त्याच्या वडिलांची चार भावांत एक खोली आहे, त्यामुळे त्याला कुणी असं हिणवलं की फार लागतं. मला वाटलं, सही करते म्हटल्यावर तो सुटलो म्हणेल. तर तो म्हणाला, "आत्या दोन लुगडी घेऊन निघाल्या आणि आपण लोकांना भ्यायचं का? मी तुझ्या भावाच्या घरात राहणार नाही. तुझ्या वाटणीवर राहणार आहे. त्याला लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

म्हणून हलत नाही. तू म्हणालीस तसंच.

राहूला तुला काय लागतं ते कळव. लाजू नकोस.

नीलम

•

राहू
१५ मे २०२५

नीलम,

विक्रम आला व्हता.

मोटारसायकल झाडाखाली लावून तो मांडवात बसला. जाईबाईनं पाणी दिलं आन् ती बाजूला झाली. त्याचा चेहरा उतरला व्हता. गिऱ्हाईकं मागं लागलीत, बहिणीची सही दाखवा म्हणत्यात, एकानं विसार परत मागितलाय. गावात लोक इचारत्यात, आत्या कुठं हाय. समदं सांगून झाल्यावर म्हणाला, घरी चल.

मला ऐकू कमी येतं म्हून तो मोठ्यानं बोलत व्हता. मी हळू बोलले. मी म्हणलं, "तू मला इचारलंस, कुणाच्या घरात ऱ्हाती. मी म्हणणार व्हते, माझ्या बापाच्या. तोंड उघडलं आन् ध्यानात आलं, त्ये तर मी सही करून दिऊन बसले. मला बोलाया जागा न्हाई राहिली. नीलमला म्हातारपणी हे कुणी इचारू नये, म्हून ती सही करणार न्हाई. आन् मी तिला कर म्हणणार न्हाई."

नीलम, त्याला मी तुझ्याइतकंच वाढवलंय. त्याला लागलं हे मला दिसलं, पर मी शब्द माघारी घेतला न्हाई.

मग म्हणाला, कोपरा सोडून दुसरं काय बी माग म्हणावं तिला, वढ्याकडचं दुप्पट देतो. मी म्हणलं, तिला सकाळची गाडी धरायचीय, वढ्यात काय करंल ती. त्यावर त्याला हसू आलं आन् लगेच गेलं.

तो माझ्याबिगर माघारी गेला. चार दिसांनी परत आला. कोपरा देतो म्हणतो. पर प्लॉटांच्या रस्त्याला त्यातनं एक पट्टा सोडावा लागंल, न्हाईतर मागच्या लोकांना वाट न्हाई. मला त्ये रास्त वाटतं. त्या बाळाच्या आईला बी घरापातुर जायला रस्ता लागंल की. तुझं तू ठरव.

आत्या

•

मांजरी
२९ जून २०२५

आत्या,

पट्टा सोडला. वाटप झालं. बाकीच्या रानावर मी सही केली आणि कोपरा माझ्या नावावर आला.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात दादा माझ्या शेजारच्या बाकावर बसला होता, मधे एका माणसाची जागा सोडून. अंगठ्याचा ठसा देताना माझा अंगठा मशीन घेत नव्हतं, सतत सॅनिटायझर लावून आम्हा नर्सेसच्या रेघा पुसट होतात. दादाने न बोलता खिशातला रुमाल पाण्याने भिजवून पुढे केला. मग ठसा उमटला. बाहेर आल्यावर तो सरळ गाडीकडे गेला. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पावसात पायाचं काम सुरू करतोय. मोठं घर नाही. दोन खोल्या आमच्या, एक तुझी. तू नाही म्हणशील हे धरूनच लिहिते. पाहुणी म्हणून बोलावत नाही. ग्रामपंचायतीत घराची नोंद होईल तेव्हा त्यावर दोन नावं लावायची असं मी आणि रविराजने ठरवलंय. नीलम आणि धुरपदा. तुझी सही लागेल. यावेळी सोडायची नाही, घ्यायची सही आहे.

आणि खोली फुकटची नाही. गिलाव्याला पाणी कोण मारणार? आम्ही दोघं नोकरीवर. गवंडी सतीश म्हणतो, घरचं माणूस उभं राहिल्याशिवाय भिंत पक्की होत नाही.

नीलम

•

खुटबाव, स्टेशनजवळ
७ डिसेंबर २०२५

नीलम,

आठ दिस झाले मी हितं ऱ्हायला आले. तू म्हणलीस घाई करू नको, फरशी वाळू दे, पर राहूवरनं येऊन पाणी मारणं परवडना. भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारते. दारं बसली. खिडक्यांना अजून काचा न्हाईत, तिथं पोती लावलीत. साईची परीक्षा झाली की उन्हाळ्यात तुमी या, तवर घर सुकंल.

ग्रामपंचायतीत जाऊन सही केली. ग्रामसेवकानं दोन्ही नावं मोठ्यानं वाचून दाखवली, त्याला वाटलं मला ऐकू आलं न्हाई म्हून मी परत वाचा म्हणाले. मला ऐकू आलं व्हतं.

रस्त्यापल्याड एका प्लॉटवर पाया खणाया लागलेत. बाई बाळाला घिऊन आली व्हती, कॉलेजात शिकवते म्हणाली. तीच ती. माझ्याकडनं पाणी मागून घेतलं, तुझी चौकशी केली.

आता खरं सांगायचं त्ये. आज सकाळी मी भाकरी करत व्हते. दारावर कडी वाजल्यागत वाटलं, मी ध्यान दिलं न्हाई. परत वाजली. उठून बघितलं तर विक्रम. हातात नळाचा पाइप व्हता. म्हणाला, विहिरीवरनं लाइन वढून देतो, किती दिस हंडा वाहशील. बाहेर उभं ऱ्हाऊनच बोलत व्हता. चपला काढलेल्या, पर उंबऱ्याच्या बाहेर. मला कळंना हा आत का येत न्हाई. लहानपणापास्नं धावत घरात शिरणारा पोरगा.

मग म्हणाला, "आत्या, आत येऊ का?"

नीलम, मी बापाच्या घरात राहिले, नवऱ्याच्या घरात राहिले, भावाच्या, भाच्याच्या, नणंदेच्या घरात राहिले. एवढ्या उमरीत मला हे कुणी इचारलं नव्हतं. मी दाराचं एक फळकूट धरून उभी राहिले. तव्यावरची भाकरी करपली. मग मी म्हणलं, "ये."

आत्या